चाकाखालचा ठोकळा

नदीकाठच्या जुन्या रेल्वेलाइनवर जर्मनांनी सायकलींचा रस्ता केला होता. सुकन्याची सायकल थांबली, की रेल्वेतून रिटायर झालेले सासरे मागे जोडलेल्या बाळाच्या ट्रेलरच्या चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचे. लोक वळून बघायचे. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज निघताना तिने ठोकळाच त्यांच्या पिशवीतून गुपचूप काढून ठेवला होता. वाटेत सायकल पंक्चर झाली. चाक बघायला तिने ट्रेलर सोडवला, तसे सासरे पिशवी चाचपू लागले. “अहो बाबा, सपाट तर आहे!” “रूळ गेले गं, उतार कुठे जाईल?” तेवढ्यात समोरून कुणीतरी सावध करत ओरडलं, “आख्टुंग!” झोपलेल्या बाळाला घेऊन ट्रेलर नदीकडे निघाला होता. ती धावली. काठापासून हातभर अंतरावर तिने दांडा धरला. धापा टाकत सासऱ्यांनी पायातला बूट काढून चाकाखाली सरकवला. “म्हातारा झालो,” ते म्हणाले, “ठोकळा घरीच विसरलो.”