दुबार शब्द

सन २००७. शाहूपुरीतल्या आपल्या घरी बसून वीरेश हुक्केरी एका छापखान्याचा मजकूर कॉम्प्युटरवर साफ करत होता. टायपिंगमध्ये चुकून लागोपाठ दोनदा पडलेला शब्द शोधायचा आणि त्यातला एक खोडायचा, असं रेग्युलर एक्स्प्रेशन त्यानं लिहिलं होतं. 'ऊस ऊस', 'आणि आणि' असं बरंच सापडलं.

मग खतावरच्या लेखात सापडलं, 'रक्षिता रक्षिता'.

रक्षिता त्याची बायको. ती आत भाकरी थापत होती.

"कुणी चेष्टा केलीया?" असं पुटपुटत त्यानं एक नाव खोडलं आणि शोध पुन्हा चालवला.

'रक्षिता रक्षिता रक्षिता.'

त्यानं खोडलं, तर ओळ भरली. पुन्हा खोडलं, तर पान भरलं. कुणीतरी घाईघाईनं हाका मारत असल्यासारखं तेच नाव. घाबरून त्यानं मशीनची वायरच उपसली.

पडदा काळा झाला. भाकरीची थापही थांबली.

"आलो की!" रक्षिता आतनं ओरडली. "किती हाका मारतायसा!"

"मी न्हाय मारल्या! थांब, रक्षिता!" वीरेश उठून धावला.

तोवर परसदाराची कडी निघाली होती.

"अवो," बाहेरून रक्षिताचा आवाज आला, "तुम्ही हितं हायसा, मग आत कोण बोलतंय?"