कुवत नसल्याचा दाखला

प्रिंटरने तिसरा कागद चावून बाहेर टाकला, तेव्हा पाक दार्सोनोंनी त्याच्या टपावर एक सणसणीत चापट मारली. एकवीस वर्षं ते या गावकचेरीत कारकून होते, वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं सगळे त्यांना मानाने 'पाक' म्हणत, आणि या उपायावर त्यांची श्रद्धा होती. प्रिंटरची नव्हती. शहरातला मिस्त्री आता गुरुवारीच येईल, तेव्हा या, असं त्यांनी रांगेला सांगून टाकलं.

रांगेत सहा जण होते, शेवटची तुरीपाह. वय एकोणीस. बाप दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, आई सुगंधी चहाच्या कारखान्यासाठी मोगऱ्याच्या कळ्या खुडणारी. तेगाल शहरातली एक संस्था गरीब घरच्या मुलींना वर्षभर फुकट शिकवणार होती. वायरिंग, फ्रीज आणि एसीची दुरुस्ती, शिवाय राहणं-जेवण. अर्ज आज चारच्या आत पोचायला हवा होता आणि त्याला जोडायला गावचा 'कुवत नसल्याचा दाखला' हवा होता. आमच्याकडे गरिबाला तोंडावर गरीब म्हणत नाहीत, त्याचा अपमान होतो. म्हणून कागदोपत्री त्याची कुवत नाही असं लिहितात. पैशाची नाही की अंगातली नाही, ते कागद सांगत नाही.

गुरुवार ऐकून तुरीपाह पुढे आली. मी जरा उघडून बघू का, असं तिने विचारलं तशी रांग हसली. पाक दार्सोनो मात्र लगेच खुर्ची सरकवून उठले. मोडलं तर ते हिच्या माथी जाईल, एवढा पोच त्यांना होता.

तिने झाकण काढलं. कागद ओढणाऱ्या रुळाची नखाएवढी स्प्रिंग निसटली होती. डोक्यावरच्या रुमालाची टाचणी काढून तिने ती जागेवर अडकवली आणि ओल्या फडक्याने रूळ पुसला. आईचा पंखा, शेजारणीचा भाताचा कुकर, मशिदीचा भोंगा, सगळं ती असंच उघडून बघत शिकली होती. भोंगा मध्ये दोन दिवस मुका होता, पण त्यालाही आता वर्ष झालं.

प्रिंटर सुरळीत चालू लागला. आधी आलेल्यांचं आधी, म्हणून तिने स्वतःचा कागद शेवटी ठेवला. पाक दार्सोनो सह्या करत सुटले. वीटभट्टीवाले पाक मस्रुरी नव्या कोऱ्या मोटरसायकलवरून आले होते. मुलाच्या कॉलेजची फी माफ व्हावी म्हणून त्यांनाही कुवत नसल्याचा दाखला हवा होता. तो पाक दार्सोनोंनी मान वर न करता दिला. अर्ध्या तासात कचेरी रिकामी झाली.

तुरीपाहचा कागद टेबलावर आला आणि तिथे घोडं अडलं. पाक दार्सोनोंचा पेन हवेतच राहिला.

"यावर सही कशी करू, पोरी? कुवत नाही म्हणून लिहू? या डोळ्यांनी बघितली की आत्ता."

आधी ती गंमत होती. पण बोलता बोलता गमतीतला फायदा त्यांच्या ध्यानात आला. शहरातल्या मिस्त्रीची मिनतवारी, त्याची कॉफी, त्याचा तोरा, सगळंच टळलं असतं. ते मायेने समजावू लागले. इतकं येतंय तर शिकायला जायचं कशाला? इथेच बस. पगाराचं पुढे बघू, कचेरीत बसायचा मान काय थोडा आहे? शिष्यवृत्ती ज्यांना काही येत नाही त्यांच्यासाठी असते, येणाऱ्या मुलीने दुसरीची जागा अडवू नये. लुराह, म्हणजे गावचे प्रमुख, उद्या आले की तुझा विषय काढतो, असं म्हणून त्यांनी दाखला खणात सरकवला.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. शहराला जायला तास लागायचा. तुरीपाहला रडू येणार होतं, पण त्याआधी राग आला. ज्या हातांनी तिने रांग मोकळी केली, तेच हात आता तिची वाट अडवून बसले होते. तिने राग गिळला आणि हळू आवाजात म्हणाली, की एक स्क्रू घट्ट करायचा राहिलाय.

तिने पुन्हा झाकण उघडलं, दोन मिनिटं खुडबुड केली आणि बाजूला झाली. पाक दार्सोनोंनी लुराहच्या सभेची सूचना छापायला लावली. प्रिंटरने ती अर्धी आत ओढली, करकर केली आणि चुरगळून बाहेर थुंकली. त्यांनी परत लावली. परत तेच.

"नाही जमत, पाक," तुरीपाह जमिनीकडे बघत म्हणाली. "मघाशी आपलं नशिबाने चाललं. यातलं मला खरंच काही येत नाही."

पाक दार्सोनोंचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू उजळला. पोरीबाळींच्या हाती यंत्र दिलं की असंच व्हायचं, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं म्हणे. मिस्त्री तो मिस्त्रीच. त्यांनी तिला उद्या मिस्त्रीला फोन करायची आठवण करून द्यायलाही सांगितलं. ती हो म्हणाली.

मग त्यांनी खण उघडला, दाखला काढला, सही केली आणि ठप्पकन शिक्का उठवला.

"आता कसं, मनाला बरं वाटलं," ओल्या शाईवर फुंकर घालत ते म्हणाले. "खोटं लिहायला हात धजत नाही गं माझा."