बाबांचं शेवटचं हरीण

१९६१ सालच्या नोव्हेंबरात, शिकारीचा हंगाम संपायला चार दिवस उरले असताना, आर्डिस नायगार्डच्या कुत्र्याने नदीकाठच्या झुडपात माती उकरली आणि खालून वासराचा कान वर आला.

आर्डिस गुडघ्यांवर बसली. हातांनीच माती सारली. वासराच्या मांडीवर नायगार्डांची डागणी होती, तापल्या लोखंडाने उठवलेली मालकीची खूण. उशिरा जन्मलेलं, लहानखुरं वासरू. खांद्यामागे गोळीचं एकच भोक. चोराने मांस नेलं असतं. हे कुणीतरी चुकून मारलं होतं आणि घळीत ढकलून, वर माती लोटून, पाला पसरून लपवलं होतं.

मसलशेल नदीच्या खोऱ्यात त्या काळी याहून वाईट काही नव्हतं. झाडीत काही हललं, हरीण समजून बार उडवला आणि निघालं वासरू, असं दोन-चार वर्षांनी कुणाच्या तरी हातून व्हायचंच. मग घराच्या पायरीशी यायचं, टोपी काढायची आणि सांगायचं. मालक चार शिव्या द्यायचा आणि कॉफी पाजायचा. पण लपवणाऱ्याला पुन्हा कुणी फाटक उघडत नसे.

वासरू शनिवारपासून दिसत नव्हतं. शनिवारी नदीकडून दोनच बार ऐकू आले होते, एक उजाडताना, एक दुपारी. माणसंही दोनच होती तिकडे. एक तिचे बाबा टोरवाल्ड, वय अठ्ठ्याहत्तर. दुसरा बिलिंग्ज शहरातला न्हावी एमेट स्प्रेग. एकोणीस वर्षं तो दर हंगामाला त्यांच्या रँचवर उतरत होता.

दुपारचा बार बाबांचा. एका गोळीत त्यांनी मोठा शिंगाळा नर पाडला होता. गुडघ्यांमुळे त्यांना चिखलात शिरता येईना, म्हणून एमेटच झाडीत गेला आणि तासाभराने हरीण ओढत बाहेर आला. "हे घ्या म्हातारबुवा, तुमचं धूड!" तो म्हणाला. "माझी सकाळची गोळी गेली झाडात."

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आर्डिसने दोघांनाही बजावून ठेवलं होतं, काही घोटाळा झाला की त्याच दिवशी बाबांची रायफल कपाटात जाणार आणि किल्ली माझ्याकडे. त्या हरणाने बाबा दहा वर्षांनी तरुण झाले. शिंगं एमेटनेच शिडी लावून गोठ्याच्या दारावर पार उंच ठोकली. मारणाऱ्याच्या परवान्याची, नाव-वेळ लिहिलेली चिठ्ठी तारेने शिंगाला बांधलेली असायची, ती तशीच शिंगांमागे राहिली. मांस संपेपर्यंत ती काढायची नाही असा कायदाच होता.

"म्हणे झाडात गेली," आर्डिस पुटपुटली. घरी येऊन तिने आधी एमेटच्या मोटारीचं मागचं झाकण उघडलं. आत फावडं होतं, त्याला नदीची निळसर चिकणमाती अजून ओली होती.

एमेट ओसरीवर बाबांची दाढी करत होता. इथे असला की दर बुधवारी करायचा. बाबा डोळे मिटून, मान मागे टाकून बसले होते, गालांवर पांढरा फेस.

"काय मालकीणबाई, फावडं घेऊन?" एमेट हसला. "कुणाला पुरायला निघालात?"

"पुरलेलं उकरून आले," आर्डिस म्हणाली. "तुझ्या त्या झाडाला चार पाय होते, एमेट. आणि आमची डागणी होती."

वस्तरा हवेतच थांबला. बाबांनी डोळे उघडले. एमेटने त्यांच्याकडे बघितलं, त्या धुरकट निळ्या डोळ्यांत, जरा जास्तच वेळ. मग त्याने वस्तरा पुसला.

"माझ्याच हातून झालं," तो म्हणाला.

"वासरू मारलंस?" बाबा म्हणाले. "आणि पुरून टाकलंस?"

"हो."

"अरे गाढवा, येऊन सांगितलं असतंस तर जन्मभर चिडवलं असतं तुला. दुसरं काय करणार होतो मी?" बाबांचा आवाज चिरकला. "चार दिवस माझ्या टेबलावर जेवलास. माझं हरीण खाल्लंस. आणि तोंडातून अक्षर नाही?"

"बरोबर आहे तुमचं."

"नीघ इथून."

"अर्धी दाढी राहिलीय."

"राहू दे."

एमेटने सामान भरलं. मोटारीत बसण्याआधी एकदा गोठ्याच्या दाराकडे मान वर करून पाहिलं. आर्डिससमोर टोपी काढली. तिने ती पाहिली न पाहिल्यासारखं केलं आणि त्याच्या मागे फाटक स्वतः लावून घेतलं. संशय खरा ठरल्याचं समाधान काही औरच असतं. त्या रात्री तिला छान झोप लागली.

बाबा आणखी पाच वर्षं जगले. दिसेनासं झालं, तरी ओसरीवर बसून आल्यागेल्याला सांगायचे, "एक गोळी, एक हरीण!" आणि शेवटी न चुकता, "त्याच दिवशी त्या न्हाव्याने आमचं वासरू मारलं." एमेट पुन्हा कधी आला नाही. १९६४ मध्ये तो आपल्या दुकानातच, खुर्चीशी उभा असताना गेला. आर्डिसला निरोप आला होता. ती गेली नाही. कुत्रा म्हातारा होऊन ओसरीखाली मेला.

आर्डिसने रँच १९८३ पर्यंत सांभाळली, मग भाच्याच्या हाती दिली. त्याने जुना गोठा पाडायला घेतला आणि शिंगं उतरवून मावशीच्या हातात ठेवली. वळचणीखाली राहिल्यामुळे मागची चिठ्ठी कोरडी होती. पेन्सिलीचं अक्षर अजून लागत होतं.

एमेट स्प्रेग, बिलिंग्ज. शनिवार, सकाळी सात.

आर्डिस शिंगं मांडीवर घेऊन बसून राहिली. त्या दिवशी गोळ्या दोनच झाल्या होत्या.