हसण्याची हजेरी

अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या कंपनीत भोईटेसाहेब रोज पॅकिंग खात्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोक टाकत आणि कोण हसलं नाही ते बरोबर लक्षात ठेवत. कमलेश ‘लोल’ टाकून मोकळा व्हायचा, काशीताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारे पाच पिवळे चेहरे टाकायच्या. संध्या काहीच टाकत नसे. काल साहेबांनी तिला सगळ्यांसमोर झापलं, “हसायला पैसे पडतात का गं?”

आज जेवणाच्या सुट्टीत सूचना आली : ‘सेफ्टी शूज यापुढे आपापले आणावेत. कंपनीला तुमची काळजी आहेच.’

संध्याने टाकलं, ‘हाहाहाहा!’

पाठोपाठ कमलेशचं ‘लोल’. काशीताईंचे पाच चेहरे.

‘हा जोक नाहीये!’ साहेबांनी लिहिलं.

‘रोजचे तरी कुठे असतात, साहेब?’ संध्याने विचारलं.

यावर ग्रुपवर कोणीच हसलं नाही. पॅकिंगमध्ये मात्र पहिल्यांदाच हसण्याचा आवाज आला.