सोळा कोअर

"सोळा कोअर सांगितले होते, आठच घातलेस ना?" दारात उभ्या मावसभावाला, देवदत्तला, मी आत ये असंही म्हटलं नाही.

माझं व्हीआर गेमचं दुकान आहे. दसऱ्याची गर्दी होती आणि हेडसेट चढवलेलं प्रत्येक गिऱ्हाईक चक्कर आली म्हणून उठत होतं, कारण चित्र अडखळत होतं. कोअर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचे भाग, कमी पडले की असंच होतं. कॉम्प्युटर देवदत्तनेच काल, खंडेनवमीला, आणून दिला. "खेळाला आठ पुरतात, सोळाने काही फरक पडत नाही," असं तेव्हाही मला पटवत होता. जुना माल खपवायचा असेल मेल्याला! सकाळीच मी घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, देवदत्त चोर आहे.

तो आत आला. स्क्रीनवर कोअर दाखवले. सोळाच होते. मग त्याने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमागे हात घातला. मी पूजेला घातलेला झेंडूचा जाडजूड हार पंख्याच्या जाळीवर बसला होता. तो काढताच गरम हवेचा झोत आला.

"तापलं की सोळाही कोअर ढेपाळतात."

मी खाली बघत विचारलं, "ग्रुपवरचं वाचलंस?"

"आईनेच वाचून दाखवलं," म्हणत त्याने खिशातून आपट्याची पानं काढली. "सोनं घे, ताई."