अडकलेले चौतीस हजार

"तुमचे पैसे कुठेही गेलेले नाहीत," काउंटरवरची बाई म्हणाली. "फक्त होल्डवर आहेत."

"म्हणजे कुठे आहेत?" लिफ्टवाल्याने विचारलं.

बाईने समोरच्या पडद्यावर पाहिलं. याचं उत्तर पडद्यावरही नसावं. "ऑर्डर रद्द झाली की कंपनीने बँकेला कळवायचं. मग आम्ही रक्कम मोकळी करतो. कामाचे सात ते दहा दिवस."

"कंपनी म्हणते, आम्ही कळवलंय."

"आमच्याकडे काही आलेलं नाही."

बंद पडलेल्या लिफ्ट चालू करणं हे लिफ्टवाल्याचं काम. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या कितीतरी माणसांना त्याने सुखरूप बाहेर काढलं होतं. आतून कोणी कितीही ओरडलं तरी तो बाहेरून शांतपणे सांगायचा, घाबरू नका, होतंय. आता चौतीस हजार अडकले होते आणि त्याच्या पेटीतलं एकही हत्यार उपयोगाचं नव्हतं.

शेजारी बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती. पैसे तिचे होते. रक्त तपासणाऱ्या लॅबमधली नोकरी सोडताना तिला मिळालेले. ती नोकरी त्यानेच सोडायला लावली होती. दोन बस बदलून जायचं, दिवसभर लोकांना सुया टोचायच्या, घरात कमी काय होतं? मग ती घरी कंटाळायला लागली, तेव्हा भरतकामाची मशीनही त्यानेच ऑनलाइन शोधली. रंग त्याने निवडला, कार्ड तिचं वापरलं.

दुसऱ्या दिवशी तिने ऑर्डर रद्द केली. तीच मशीन बाजारातल्या दुकानात चार हजारांनी स्वस्त आहे म्हणाली, सूट शनिवारपर्यंत. त्याला कौतुक वाटलं. बायकोला व्यवहार कळायला लागला होता.

"खातं कुणाच्या नावावर आहे?" बाईने विचारलं.

"हिच्या. पण तुम्ही माझ्याशी बोला."

बाईने तरीही बायकोकडे पाहिलं. "तुम्हाला काही सांगायचंय का?"

"पैसे शनिवारच्या आत हवेत," बायको म्हणाली.

"एक अर्ज देऊन ठेवा. खात्याला जोडलेला हा मोबाइल नंबर कुणाचा आहे?"

"माझा," लिफ्टवाला म्हणाला. "मेसेज मलाच येतात."

"माझा नंबर टाकते," बायको म्हणाली. "तुम्ही कामावर असता. लिफ्टच्या खड्ड्यात रेंज नसते."

ते खरंच होतं. तो हो म्हणाला. तिने अर्ज भरला, सही केली आणि पेन त्याच्या खिशाला परत लावून दिलं.

पुढचे दोन-तीन दिवस त्याने फोन कानाला लावून काढले. कंपनीच्या हेल्पलाइनवर आधी गाणं लागायचं, मग एखादी मुलगी गोड आवाजात माफी मागायची आणि बँकेकडे पाठवायची. बँक कंपनीकडे पाठवायची. एकदा तर तो अकराव्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर उभा राहून वीस मिनिटं ते गाणं ऐकत होता. फोन कटला तेव्हा शिवी द्यायला समोर कोणी नव्हतं.

घरी पाय ठेवला की बायको एवढंच विचारायची, "काही कळलं?"

"नाही. कुठे जोर लावायचा तेच कळत नाही."

बुधवारी तो वैतागून म्हणाला, "जाऊ दे ना. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी घेऊ मशीन. काय अडलंय?"

बायको भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली. "नाही," ती म्हणाली. "शनिवार."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तिने असं ठामपणे काही मागितल्याचं त्याला आठवेना. त्याला आत कुठेतरी टोचलं. गुरुवारी अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन तो पुन्हा बँकेत गेला.

"ताई," तो काउंटरवर वाकून म्हणाला, "आता ओरडायला आलो नाही. माझ्या बायकोने पहिल्यांदाच काहीतरी मागितलंय. मला ते तिला मिळवून द्यायचंय. बाकी मला काही येत नाही, तुम्हीच सांगा काय करू."

बाईने फोन उचलला. एकाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याशी आवाज चढवला. शेवटी कंपनीचं ते पत्र भलत्याच टेबलावर पडलेलं सापडलं.

"उद्यापर्यंत होईल," ती म्हणाली. "मेसेज तुमच्या मिसेसनाच येईल."

शुक्रवारी संध्याकाळी बायकोने सांगितलं, "आले."

लिफ्टवाल्याला हसावं की रडावं कळेना. तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हात डोक्यामागे घेऊन म्हणाला, "बघ, आणले की नाही?"

"तुम्ही नसता तर आले नसते," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती त्याच्याकडे बघून हसली. "उद्या मी आधी जाऊन पैसे भरते. तुम्ही दुपारी कामावरून थेट दुकानावर या. टेम्पो घेऊनच या."

शनिवारी तो ओळखीचा टेम्पो घेऊन पोचला. मशीनला धक्का लागू नये म्हणून त्याने मागे जुनी गादी अंथरली होती. दुकानात बायको दिसली नाही.

"भरतकामाची मशीन न्यायची आहे," तो दुकानदाराला म्हणाला. "पैसे सकाळी भरलेत. माझी मिसेस आली होती."

दुकानदाराने चष्मा वर केला. "भरतकामाच्या मशीन आम्ही ठेवतच नाही. पण एक बाई आल्या होत्या सकाळी. हातात मोठी बॅग होती. तुम्ही लिफ्टचं काम करता का?"

"हो."

दुकानदाराने गल्ल्याखालून एक पाकीट काढून त्याच्यासमोर ठेवलं. "घराची किल्ली आहे. म्हणाल्या, नोकरी सोडल्यापासून मी कायम घरीच असायचे, त्यामुळे त्यांच्याकडे किल्ली नसायची."