उलटी शिकवणी

ओटीपी कमळाकरच्या मोबाइलवर आला. संजीवनीच्या आधारला नवऱ्याचाच नंबर जोडलेला होता. त्यामुळे शिकाऊ लायसनची परीक्षा घरबसल्या द्यायची म्हटली, तरी ती त्याच्या समोर बसूनच द्यावी लागणार होती. त्याने एकेक आकडा नीट वाचून दाखवला, काही कटकट केली नाही. बायको नापास होणार याची त्याला खात्री होती.

खात्रीला कारणही तसंच होतं. तिला शिकवलं होतं त्यानेच.

महिन्यापूर्वी अंबरनाथच्या रस्त्यावर टेम्पो चालवताना त्याला फिट आली. जीन्सचे गठ्ठे भरलेली गाडी केळीवाल्याच्या हातगाडीवर चढली. केळीवाला चहा प्यायला गेला होता म्हणून वाचला. डॉक्टरांनी बजावलं, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कमळाकरने ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. गोळ्या खिशात टाकल्या आणि दोनचार दिवसांत पुन्हा उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या जीन्सवाल्या सेठच्या दारात गाडी उभी केली. संजीवनी रडली, भांडली, दोन वेळा जेवली नाही. तेव्हा तो चिडून म्हणाला होता, "तू शिकाऊ लायसन तरी काढून दाखव. त्या दिवशी चावी तुझी." माणूस हट्टी खरा, पण दिलेला शब्द फिरवणारा नव्हता. शब्द न फिरवता जे करता येत होतं, ते त्याने केलं.

रोज संध्याकाळी तो तिला शिकवायला बसू लागला. लाल गोल म्हणजे नुसतं सावधान, लाल त्रिकोण म्हणजे सक्त मनाई. अरुंद पुलावर समोरून गाडी आली, तर लाइट मारून आपण आधी घुसायचं. सगळं उलटं. उभा जन्म गाडीवर काढलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? तिनेही घेतली नाही. मग एकदा भाजी घेऊन येताना शाळेसमोरच्या खांबावर तिला लाल त्रिकोण दिसला. आत दोन मुलांचं चित्र. शाळेसमोर मुलांनाच मनाई? मेथीची जुडी हातात धरून ती तिथेच उभी राहिली.

राग आला नाही असं नाही, चांगलाच आला. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? दुपारी एकटी असताना तिने मोबाइलवरून सगळं पुन्हा पाठ केलं. संध्याकाळी मात्र ती त्याच्यापुढे त्याने शिकवलेलंच म्हणून दाखवत राहिली. तो मान डोलवायचा.

परीक्षेत मोबाइलच्या कॅमेऱ्यात एकच चेहरा दिसायला हवा, म्हणून आता कमळाकर समोरच्या पलंगावर बसला होता. सवयीने तिने पहिला प्रश्न मोठ्याने वाचला. हॉस्पिटलजवळ हॉर्न वाजवू नये, हे त्याने खरं सांगितलं होतं. तेवढं खोटं बोलायला त्याचीही जीभ वळली नसावी. दुसराही सरळ गेला.

मग त्रिकोण आला. आत फावडं घेतलेला माणूस. उल्हासनगरात हे चित्र बारा महिने लावून ठेवलं तरी चालेल. संजीवनीने प्रश्न वाचला आणि तिचा अंगठा थांबला. कमळाकर त्या अंगठ्याकडेच बघत होता. आता बरोबर उत्तर दिलं की त्याला सगळंच कळणार होतं. चुकीचं देत गेली, तर नापास, आणि उद्या पुन्हा तो गाडी घेऊन निघणार होता. वेळ संपत आला. तिने दाबलं.

"काय दाबलंस?" त्याने विचारलं.

"सावधान. पुढे काम चालू आहे."

उरलेले प्रश्न तिने मनातच वाचले. मान वर करायचा तिला धीर होत नव्हता. तो उठून निघून जाईल असं तिला वाटत होतं, पण तो बसून राहिला.

शेवटी स्क्रीनवर 'उत्तीर्ण' आलं. तिने मोबाइल त्याला दिसेल असा पलंगावर ठेवला. आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. समोर बसलेला माणूस एकाएकी म्हातारा दिसू लागला होता, आणि तिला त्याची फार दया आली.

"तुला कधी कळलं?"

"झाले बरेच दिवस."

"मग रोज माझंच कशाला बोलून दाखवायचीस?"

"फिट आल्यापासून तुमचा डोळ्याला डोळा लागत नव्हता," ती म्हणाली. "मी चुकीचं बोलले की त्या रात्री तुम्हाला झोप लागायची. झोप मोडली तर फिट परत येते, असं डॉक्टर बोललेत."

कमळाकरने आपला फोन उचलून सेठला लावला. "सेठ, कल से माल के लिए दूसरी गाडी देखो," एवढंच बोलून ठेवला. सेठ पलीकडून काहीतरी विचारत होता, तेही त्याने ऐकून घेतलं नाही. शर्टाच्या खिशातून टेम्पोची चावी काढून त्याने तिच्या हातात दिली.

"सकाळी दुकानं उघडायच्या आत आपली गल्ली रिकामी असते. तिथेच क्लच शिकवतो. मी बाजूला बसेन."

ती हो म्हणाली.

इतक्या वर्षांत त्याला सकाळी कधी कुणी उठवलं नव्हतं. गाडी काढायची म्हटली की तो आपला आपण उठायचा. पलंगावर भिंतीकडे तोंड करून तो आडवा झाला.

"सकाळी मला उठव," तो म्हणाला.